शिंगाचा आवाज किती लांब जातो

"पंख फुटलेला वाघ चालतो तुम्हाला," जयवंतभाऊ म्हणाले, "आणि शिंगाचा आवाज चालत नाही?"

टीव्हीवर अजून कलाकारांची नावं सरकत होती. जयवंत डुंबऱ्यांच्या कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं खतांच्या गोण्यांवर बसलो होतो, आणि तिघांच्याही कपातला चहा निवून त्यावर साय धरली होती.

"वाघाचं वेगळं," मी म्हटलं. "वाघाला पंख का फुटले ते त्यांनी पहिल्याच भागात सांगितलंय. ऋषींचा शाप होता. मान्य. तो त्या जगाचा नियम झाला. पण आवाज तर आपल्यासारखाच आहे ना त्यांच्याकडे? मागच्या महिन्यात राजकुमाराला शेजारच्या दालनातलं बोलणं ऐकू येईना, भिंतीला कान लावून उभा होता. आणि आज दोन मुक्कामांवरच्या किल्ल्यात त्याचं शिंग ऐकू गेलं?"

"दोन मुक्काम कुणी सांगितले?"

"नकाशा दाखवतात की सुरुवातीला. वज्रखिंडीतून किल्ल्यावर जायला त्याला स्वतःला दोन रात्री रस्त्यात काढाव्या लागल्या होत्या."

"घोडा लंगडत होता तेव्हा," जयवंतभाऊ म्हणाले.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. मी तेव्हा नुकतीच बार्शीहून जुन्नरला आले होते, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला. दुकानाच्या वरची खोली भाड्यानं मिळाली होती. माझ्याकडे टीव्ही नव्हता, आणि शनिवारी संध्याकाळी 'सप्तशिखर' लागायची. राजे, शाप, उडते वाघ, बोलणारी झाडं, सगळं काही होतं त्यात. पहिल्या शनिवारी मी जिन्यात उभी राहून ऐकत होते, तर जयवंतभाऊंनी हाक मारली, "मॅडम, ऐकून काय कळणार? आत या." तिथं आधीच सायरा तांबोळी बसलेली होती. शेजारच्या गाळ्यात तिचं ब्यूटी पार्लर होतं. तिशीतली, हसरी, पण तोंडाची फटकळ. तेव्हापासून आम्ही तिघांनी एकही भाग चुकवला नव्हता. खरं सांगायचं तर मालिकेपेक्षा आम्हाला नंतरच्या भांडणाचीच ओढ जास्त होती. मी गणितं मांडायचे, सायरा माणसं तपासायची, आणि जयवंतभाऊ कायम मालिकेच्या बाजूनं वकिली करायचे. चाळिशी ओलांडलेला, खतांचे आणि बियाण्यांचे व्यवहार चोख करणारा माणूस, पण सप्तशिखरावर कुणी बोट ठेवलं की हळवा व्हायचा.

त्या शनिवारचा भाग मोठा होता. धाकटा राजकुमार उदयवर्मा खिंडीत सापडलेला. पुढे शत्रू, मागे दरड. तो वडिलांचं शिंग फुंकतो. पलीकडच्या किल्ल्यात त्याचा थोरला भाऊ वीरकेतू जेवायला बसलेला असतो. दोघांचं कित्येक वर्षांचं वैर. थोरला हातातला घास खाली ठेवतो, उठतो, आणि सैन्य घेऊन निघतो.

"अंतराचं सोडा," सायरा म्हणाली. "मला सांगा, तो थोरला उठलाच का?"

"भाऊ आहे त्याचा," जयवंतभाऊ म्हणाले.

"काल नव्हता भाऊ? परवा? ह्यानं ह्याचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतलीय सगळ्या दरबारापुढं. आणि एक पिपाणी वाजली की निघाला? ना राग, ना प्रश्न. मी तर म्हणते, मुळात हे दोघं एकदा समोरासमोर बसून बोलले असते ना, तर मालिका तिसऱ्या भागातच संपली असती. इतकी वर्षं कुणी न बोलता राहतं का? लेखकाला ओढायचंय म्हणून गप्प बसवलंय दोघांना."

जयवंतभाऊंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. एरवी ते बातम्या लागेपर्यंत चालू ठेवायचे.

"आवाज जातो," ते म्हणाले. माझ्याकडे बघत, सायराकडे नाही. "नीट जागा असेल, वारा बरोबर असेल, तर दरीच्या पलीकडं जातो."

"दरीच्या पलीकडे जाईल कदाचित. दोन मुक्काम नाही जाणार."

"दरीच्या पलीकडं तरी बघूया की मग."

आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. पण ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरच्या रिकाम्या खोक्यांमागून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली काढलं. फडकं सोडलं तर आत शिंग. पितळेचं, नागमोडी वाकलेलं, मधल्या जोडावर हिरवट डाग. त्यांचे वडील गावच्या जत्रेत पालखीपुढे वाजवायचे म्हणे. वडील गेल्यापासून ते कुणी वाजवलं नव्हतं.

मला तर हर्षच झाला. प्रयोग करायला मिळणार! मी तिथल्या तिथे अटी घालायला लागले. दुपारी नको, जमीन तापली की आवाज वर उचलला जातो. पहाटे थंडी असते तेव्हा आवाज खाली धरून राहतो, तेव्हा करू. उद्याच रविवार आहे. ऐकणाऱ्यांना वाजवणारा दिसता कामा नये, नाहीतर डोळे फसवतात. मोबाईलवरून इशारा करू म्हटलं, तर जयवंतभाऊ म्हणाले, "तिकडं वर रेंज नाही."

"तिकडं म्हणजे कुठे?"

"आंबेपठारावर. तुम्ही दोघी तिथं जा. मी अलीकडं खिंडीत उभा राहतो. मध्ये अख्खी दरी आहे." मग म्हणाले, "पठारावर एक मोठं उंबराचं झाड आहे, गोठ्याला लागून. तिथं उभं राहा. तिथनं चांगलं ऐकू येतं."

"तुम्हाला काय माहीत?" सायरानं विचारलं.

"बसायचो तिथं लहानपणी," ते म्हणाले आणि शिंग पुसायला लागले.

सकाळी सायराच्या स्कूटीवरून आम्ही पठारावर गेलो तेव्हा दरीत धुकं भरलेलं होतं आणि पलीकडची खिंड त्याच्यावर तरंगल्यासारखी दिसत होती. माणूस वगैरे काही दिसणं शक्य नव्हतं. मार्गशीर्षातली थंडी. सायरानं ओढणी कानावरून घट्ट गुंडाळली होती, ती मी तिला सोडायला लावली.

"कान गोठून गळून पडतील माझे."

"मग ऐकणार कशानं?"

उंबर सापडला. शेजारी गोठा, त्यामागे कौलारू घर. गोठ्यात एक म्हैस आडवी पडली होती आणि तिच्या पाठीशी एक साठीच्या आतबाहेरचा माणूस उकिडवा बसून तिच्या पोटावरून हात फिरवत होता. आम्हाला बघून तो उठला नाही. "कोण पाहिजे?" एवढंच विचारलं. सायरा म्हणाली, "कुणी नाही बाबा, जरा उभ्या राहतो झाडाखाली." त्यानं मान हलवली. शहरातून सकाळी फिरायला येणाऱ्या माणसांची त्याला सवय असावी.

आम्ही वाट पाहत राहिलो. पक्षी ओरडत होते. खाली कुठेतरी कुत्रं भुंकलं. ठरलेली वेळ झाली, थोडी उलटलीही.

"नाही येत," मी म्हटलं, आणि मला जरा वाईटच वाटलं.

तेवढ्यात सायरानं माझं मनगट धरलं. मी श्वास रोखला. खूप लांबून, धुक्याखालून, काहीतरी आलं. आवाज म्हणावा इतकंही ते ठळक नव्हतं. एखादं जनावर हंबरावं तसं, आधी खाली, मग एकदम वर चढून मध्येच तुटलेलं. मग पुन्हा तेच.

"आला!" मी जवळजवळ ओरडलेच. "सरळ रेषेत तीन-चार किलोमीटर तरी असेल! म्हणजे बघ, वारा जर..."

"मॅडम," सायरा हळूच म्हणाली, "मागं बघा."

गोठ्यातला माणूस उभा राहिला होता. तोंड दरीकडे, मान एका बाजूला कललेली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, ते त्यानं अंगापासून लांब धरले होते. शिंग तिसऱ्यांदा वाजलं आणि पुन्हा तिथंच तुटलं.

"वर चढताना ओठ सैल सोडतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "लहान होता तेव्हापासून तसंच."

सायरानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात माझ्या आधी प्रकाश पडला.

"तुम्ही डुंबरे का?" तिनं विचारलं.

"गेनभाऊ डुंबरे. तुम्हाला त्यानं धाडलंय?"

"नाही, म्हणजे हो. पण तुमच्याकडे असं नाही." मी गडबडले. समोर ओल्या हातांनी उभ्या असलेल्या माणसाला आता काय सांगावं? जे होतं ते सांगून टाकलं. एक मालिका आहे, त्यात दोन भाऊ आहेत, धाकटा शिंग वाजवतो, आवाज पोचतो की नाही यावर आमची पैज लागली. बोलता बोलता माझं मलाच ते इतकं पोरकट वाटायला लागलं की शेवटची वाक्यं मी जमिनीकडे बघून संपवली.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हसला नाही.

"मग? थोरला काय करतो त्यात?"

"जातो," सायरा म्हणाली. "सैन्य घेऊन."

"हं." त्यानं दरीकडे पाहिलं. मग मागे गोठ्याकडे. "माझी म्हैस अडलीय काल संध्याकाळपासून. रेडकू आडवं आलंय. डॉक्टरला निरोप धाडलाय, पण आज रविवार. मी हिला सोडून कुठं जाऊ?"

तो पुन्हा आत जाऊन बसला. म्हशीनं मान उचलली आणि टाकून दिली. तिचे डोळे पांढरे झाले होते. घरातून त्याची बायको गरम पाण्याची घागर घेऊन आली, आमच्याकडे एकदा बघून त्याच्याजवळ ठेवली.

"त्यांना काही सांगायचंय का?" सायरानं विचारलं.

तो घागरीतलं पाणी हातांवर घ्यायला लागला. आम्ही स्कूटीपर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "दम पोटातनं घ्यायला सांग त्याला."

फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी भेटायचं ठरलं होतं. जयवंतभाऊ आमच्या आधी येऊन थांबले होते. शिंग फडक्यात गुंडाळून काखेत धरलेलं, ओठ सुजलेले, मोटारसायकल बाजूला उभी.

"आलं का ऐकू?"

"आलं!" मी म्हटलं. "क्षीण, पण स्पष्ट. तीनही वेळा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते विजयानं टाळी मागतील. त्यांनी शिंग या काखेतून त्या काखेत घेतलं. मग विचारलं, "अजून कुणाला?"

सायरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "जयवंतभाऊ, आम्हाला आधी सांगायचं होतं की."

"काय सांगणार? तुम्ही म्हणाला असता, असं कुठं असतं का." ते ओशाळं हसले. "काय म्हणाला अण्णा?"

"ते येऊ शकत नाहीत," ती म्हणाली. "म्हैस अडलीय त्यांची. रेडकू आडवं आहे. डॉक्टर आलेला नाही. एकटेच आहेत ते आणि वहिनी."

त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. "कालपासून? आडवं? अरे, मग डॉक्टर कशाला लागतोय, नारायणगावच्या जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर इथंच राहतो खाली, मळ्यात. त्याचा हात चांगला आहे." शिंग त्यांनी माझ्या हातात कोंबलं, मोटारसायकलला किक मारली. दोनदा चालू झाली नाही. तिसऱ्यांदा झाली.

"जयवंतभाऊ!" सायरा ओरडली. "ते म्हणाले, दम पोटातनं घे!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. मग गाडी खाली मळ्याच्या रस्त्याला लागली, आणि आमचा चहा होतो न होतो तोच मागे एक झोपमोड झालेला माणूस बसवून वर पठाराकडे गेली.

ते सोमवारी दुपारी दुकानात आले. येताना स्टीलच्या डब्यात खरवस आणला होता, अर्धा माझ्यासाठी, अर्धा सायरासाठी. म्हैस वाचली होती. रेडकूही. ते गल्ल्यामागे बसले, दोन गिऱ्हाइकं केली, आणि मग कुणी न विचारता सांगायला लागले.

त्यांच्या वडिलांना छातीत पाणी झालं होतं. गेनभाऊंचं म्हणणं, म्हाताऱ्याला घरातच राहू द्यावं. जयवंतभाऊंनी ऐकलं नाही, गाडी करून पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं काचेच्या खोलीत ठेवलं, आणि चौथ्या दिवशी वडील गेले. मयत घरी आणली तेव्हा थोरला भाऊ अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "माझ्या बापाला तू परक्यात मारलंस." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आठ-नऊ वर्षं. लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी नाही.

"काल रेडकू बाहेर आलं," जयवंतभाऊ म्हणाले. "ते धडपडून उभं राहिलं. आम्ही दोघं हात धूत होतो, एकाच घमेल्यात. वहिनी पाणी घालत होती. तेव्हा अण्णानं विचारलं. खाली बघून विचारलं, बाबांनी शेवटी पाणी मागितलं होतं का."

सायरा पार्लरमधलं गिऱ्हाईक सोडून आली होती, तिच्या हातात अजून दोरा होता.

"मी म्हटलं, मागितलं. नर्स नको म्हणत होती, तरी मी दिलं. चमच्यानं. तीन चमचे घेतले आणि म्हणाले, बास." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "अण्णाला एवढंच पाहिजे होतं. इतकी वर्षं तो धरून बसला होता की बाबा तहानलेले गेले. काचेच्या आत, कुणी जवळ नाही, आणि तोंडाला कोरड. रात्री उठून बसायचा म्हणे. वहिनी सांगत होती."

"मग विचारलं का नाही त्यांनी?" मी म्हटलं. "आधीच?"

"आणि मी सांगितलं का नाही?" ते म्हणाले. "मला काय माहीत, त्याला हे पाहिजे होतं. मला वाटायचं त्याला माझी माफी पाहिजे. ती मी देणार नव्हतो. मी काय चुकीचं केलं होतं?"

सायरानं हातातला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. "मी त्या मालिकेच्या लेखकाला उगाच बोलले," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पार्लरमध्ये निघून गेली. तिथं एक बाई एक भुवई कोरून आणि एक तशीच ठेवून तिची वाट पाहत बसली होती.

त्या शनिवारी मी खाली आले तेव्हा मागच्या खोलीत एक लोखंडी खुर्ची जास्तीची मांडलेली होती. तिच्यावर गेनभाऊ बसले होते. धुतलेला सदरा, टोपी मांडीवर, पाय जरा आखडून घेतलेले. मला बघून त्यांनी "या" म्हटलं, जणू खोली त्यांचीच होती. सायरानं त्यांना चहा दिला. मालिका सुरू झाली.

जयवंतभाऊ सारखे त्यांच्याकडे वळून समजावत होते. हा उदयवर्मा, अण्णा, हा धाकटा. तो पांढऱ्या घोड्यावरचा वीरकेतू. ही राणी चांगली वाटते, पण चांगली नाही. गेनभाऊ डोळे बारीक करून बघत होते. सैन्य डोंगर उतरून आलं, पडदा भरून माणसंच माणसं, भाले, झेंडे, हत्ती. लढाई झाली. रात्री छावणीत दोघं भाऊ शेकोटीपाशी एकमेकांच्या गळ्यात पडले. संगीत दाटून आलं. जयवंतभाऊंनी नाक ओढलं. आणि जाहिराती लागल्या.

"काय, अण्णा?" जयवंतभाऊंनी विचारलं. एवढी काळजी मी त्यांच्या आवाजात कधी ऐकली नव्हती. "कसं वाटतंय?"

गेनभाऊंनी विचार केला. अगदी मनापासून केला.

"एवढी माणसं आली," ते म्हणाले, "ह्यांच्या भाकऱ्या कुणी थापल्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? एवढं सैन्य डोंगर उतरून आलं. हत्ती हायेत. त्यांना वैरण कुठनं आली? पिठं, चुली, पाणी? मला एक बाई दिसली नाही, एक बैलगाडी दिसली नाही. लढाई करून आली माणसं, ती उपाशीच गळ्यात पडायला लागली."

"ते दाखवत नाहीत, अण्णा. मागं कुठंतरी असतं ते."

"मागं कुठं? मागं तर दरड कोसळलीय म्हणालास."

"ती त्या बाजूला कोसळलीय. हे ह्या बाजूनं आले."

"ह्या बाजूला मग पाणी कुठंय? खिंडीला कधी पाणी असतं का? आपल्या खिंडीत आहे का?"

"आपल्या खिंडीचा काय संबंध?"

"का नाही संबंध? खिंड ती खिंड!"

जाहिराती संपल्या. पडद्यावर राजकुमार उठून काहीतरी महत्त्वाचं सांगायला लागला, कदाचित शापाचं रहस्यच. जयवंतभाऊंचं लक्ष नव्हतं. ते खुर्ची ओढून भावाच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि जमिनीवर बोटानं खिंड, किल्ला आणि ओढा काढून दाखवत होते, आणि गेनभाऊ वाकून तो ओढा तळव्यानं पुसत म्हणत होते, इथनं नाही, इथनं कसा वाहील, चढ आहे इथं.

सायरा उठली. मला वाटलं, दोघांना गप्प करते आता. तिनं रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद करून टाकला, म्हणजे त्या दोघांचं नीट ऐकू येईल.